गव्हावरचे जर्दाळू

१४ मार्च २०१९. बल्गेरियातल्या दोल्ना बुक गावच्या गायन मंडळाकडे त्या दिवशी १,८४७ लेव्हा आणि ६० स्तोतिंकी एवढे पैसे होते. एवढ्यात आठ बायका आणि एक वादक बसने कोन्याला जाऊन येतात, असं वेलिचकाने वाचनालयाच्या दालनात उभं राहून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्या थांबल्यापासून तिचं मंडळ तिच्या हातून निसटायला लागलं.

वेलिचका एकसष्ट वर्षांची. तंबाखूच्या सहकारी संस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेली. वाचनालयाची चिटणीस तीच, मंडळाची प्रमुख तीच आणि पहिला आवाजही तिचाच. त्या गावात गाणं असं चालतं की एकजण ओळ उचलते आणि बाकीच्या खाली एकच सूर धरून ठेवतात. उचलणारी मधोमध, अर्धं पाऊल पुढे उभी राहते. ते अर्धं पाऊल एकोणीस वर्षं वेलिचकाचं होतं. नवरा गेला, मुलगा स्पेनमध्ये ट्रक चालवायला गेला, या डोंगराळ कोपऱ्यातली निम्मी घरं कुलपात गेली, तरी ते अर्धं पाऊल तिचं राहिलं होतं.

आमंत्रण तुर्कस्तानातून आलं होतं. रमझानच्या महिन्यात, रोजा सुटल्यावर, कोन्या शहरात शेजारच्या देशांतल्या बायकांच्या गाण्याचे कार्यक्रम होते. राहणं-जेवण यजमानांचं, प्रवास ज्याचा त्याचा. पहिला आवाज कोणाचा, त्या बाईचं नाव तेवढं १३ मेपर्यंत कळवायचं होतं, कारण ते जाहिरातीवर छापायचं होतं.

"कोन्या म्हणजे आपल्या ओद्रिनसारखंच ना?" रुसानाने विचारलं. रुसाना दुकान चालवायची आणि गावात बोलण्याचा पहिला मान स्वतःकडे घ्यायची. "ओद्रिनला मी चारदा गेलेय. पडदे काय स्वस्त!"

"ओद्रिन तुर्कस्तानात असलं तरी सरहद्दीवर आहे, रुसाना. तिथे आपल्यासारख्यांना पडदे विकायला लोक बसलेलेच असतात. कोन्या आत आहे, धार्मिक गाव. तिथे जायचं तर तयारी लागते. कपडे, वागणं, खाणंपिणं. मी प्लोव्हदिवहून पुस्तक मागवलंय. दर गुरुवारी आपण..."

पण रुसानाने मान मागे वळवली होती. मागच्या रांगेत नाझिफे बसली होती.

"नाझिफे, तूच सांग बाई. तुमच्यातलंच की ते."

नाझिफे चोपन्न वर्षांची, खालच्या मोहल्ल्यातली. जन्म तंबाखूची पानं दोरीत ओवण्यात गेला. खालच्या मोहल्ल्यातली माणसं मुसलमान, पण पिढ्यान् पिढ्या त्यांची भाषा बल्गेरियनच. नाझिफेला तुर्की येत नव्हतं आणि प्लोव्हदिवच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण त्या क्षणी सगळ्याजणी ते विसरल्या. जणू कोन्या तिचं माहेर.

नाझिफे आधी लाजली. मग म्हणाली, "डोक्याला रुमाल तर हवाच. पण रेशमी नको, घसरतो. सुती घ्या."

"बघा!" रुसाना म्हणाली. "पुस्तक कशाला हवंय?"

वेलिचकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुती रुमालाची गोष्ट पुस्तकात असणार, एवढंच ती बोलली.

पुस्तक आलं. वेलिचकाने ते मन लावून वाचलं, खुणा केल्या, गुरुवारी मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरलेली असावी. घागरा घोट्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. बूट झटकन काढता येतील असे. पुरुषाने हात पुढे केला तरच हात द्यायचा. रमझानात दिवसा रस्त्यावर खायचं नाही, पाणीही आडोशाला प्यायचं. बायका ऐकायच्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर नाझिफेकडे बघायच्या. नाझिफेने मान हलवली की ते खरं.

"मोज्यांचं काय गं?" एखादी विचारायची.

"भोकं नकोत," नाझिफे सांगायची. "मशिदीत सगळ्यांची नजर आधी मोज्यांवर जाते."

दुसऱ्या गुरुवारी पाचजणी मोजे रफू करत बसल्या. वेलिचकाने पुस्तकातलं पान वाचलं तेव्हा एकीनेही सुई खाली ठेवली नाही.

मान हलवण्याचाही सराव झाला. दोल्ना बुकमध्ये हो म्हणायचं तर मान आडवी हलते आणि नाही म्हणायचं तर वर-खाली. बाहेर जगात उलटं. "यजमानीण विचारेल, जेवलात का? आणि आपण नाही-नाही करत पोट भरल्याचं सांगू," असं म्हणून वेलिचकाने सगळ्यांना ओळीने बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. थोड्याच वेळात सगळ्या माना अशा काही फिरायला लागल्या की कोण काय म्हणतंय ते देवालाच ठाऊक. मानोल हसून हसून खाली बसला. मंडळातला तो एकमेव पुरुष, बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीचा गायदा वाजवायचा.

"मानोल, तुझं काय ते ऐक," वेलिचका म्हणाली. "आलुबुखाराच्या दारूचा थेंबही बरोबर न्यायचा नाही."

"माझ्या गायद्याच्या पिशवीत काय भरायचं ते मी ठरवीन."

"हवा भर."

"आलुबुखाराची हवा भरतो, ताई. सूर गोड येतो."

"मानोलभाऊ," मागून नाझिफे हलकेच म्हणाली, "महिनाभर थांब की. आम्ही दिवसाचं पाणीसुद्धा सोडतो."

मानोल ओशाळला. "बरं बाई. तुझ्यासाठी."

तुझ्यासाठी! वेलिचकाने पुस्तक मिटलं. एकोणीस वर्षांत मानोलने तिच्यासाठी एक घोट कमी घेतला नव्हता.

घरी गेल्यावरही तिला चैन पडेना. जळफळाटाला कारण लागतंच असं नाही, पण वेलिचकाकडे कारण होतं आणि ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नाझिफेचा आवाज तिच्याहून चांगला होता. मागच्या रांगेत सूर धरताना नाझिफे आवाज दाबून गायची, पण तंबाखूच्या ओसरीत एकटी असताना वेलिचकाने तिला ऐकलं होतं. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेसारखा तो आवाज होता. ओसरीच्या भिंतीआड उभं राहून वेलिचकाने ते अख्खं गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तालमीत नाझिफेला आणखी एक जागा मागे सरकवली. उंची जुळत नाही, हे कारण सांगून.

एप्रिलच्या शेवटी जे व्हायचं ते झालं. रुसाना म्हणाली, "मला वाटतं, कोन्यात पहिला आवाज नाझिफेचा असावा. त्यांच्यातली आहे. त्यांना आवडेल."

"त्यांच्यातली?" वेलिचका म्हणाली. "अगं, ती खालच्या मोहल्ल्यातली आहे. कोन्यातली नाही."

"तेच गं ते."

"मला नको," नाझिफे म्हणाली. पण ते तिने जरा उशिरा म्हटलं, आणि तेवढा उशीर वेलिचकाच्या काळजात जाऊन बसला.

वेलिचकाने भांडण केलं नाही. ती हिशेबाची माणूस. वजाबाकी कुठे करायची ते तिला कळत होतं. तिने सुचवलं की जाण्याआधी एकदा रंगीत तालीम करावी. गाण्याची नव्हे, जेवणाची. वाचनालयाच्या दालनात जमिनीवर बसून, रोजा सुटण्याच्या वेळी, यजमानांच्या घरी बसू तसंच बसायचं. खालच्या मोहल्ल्यातल्या शाबान होजांनाही बोलवायचं. होजा म्हणजे मशिदीतले मौलवी. तरुणपणी ते चार वर्षं तुर्कस्तानात शिकलेले. "ते सांगतील आपलं कुठे चुकतंय." सगळ्यांना कल्पना आवडली. होजांसमोर नाझिफेचं पितळ उघडं पडेल, एवढा भाग वेलिचकाने मनात ठेवला. आणि त्याच जेवणात आपल्या हातचा एक असा पदार्थ ठेवायचा की खालच्या मोहल्ल्यानेही तोंडात बोट घालावं. पुस्तकात तो होता. आशुरे: उकडलेला गहू, साखर, अक्रोड. त्यापुढच्या दोन ओळी तिने वाचल्याच नाहीत. उकडलेला गहू तिला कोणी शिकवायला नको होता.

त्या वर्षी संत जॉर्जचा कोकराचा सण आणि रमझानचा पहिला रोजा एकाच दिवशी आले. वरच्या गल्लीत कोकरं भाजली जात होती आणि खालच्या गल्लीत खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यानंतरच्या शुक्रवारी, १० मेला, रंगीत तालीम ठरली.

वेलिचकाने आदल्या दिवशी गहू भिजवला. सकाळी उकडला, स्वच्छ कापडावर पसरून कोरडा केला, अक्रोड कुटून घातले, बिस्किटांचा चुरा घातला, मोठ्या परातीत दाबून घुमटाकार केला, वरून पिठीसाखरेचा जाड थर. मग राहिलेले अक्रोड वरती लावले. तिचे हात आपोआप चालत होते आणि डोक्यात संध्याकाळचा प्रश्न घोळत होता: नाझिफेला नक्की काय विचारायचं, आणि कधी. पांढरा रुमाल टाकून तिने परात झाकली.

संध्याकाळी सगळे मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले. मानोलने पाय लांब केले तेव्हा होजा म्हणाले, "तळवे माणसांकडे नको, मानोल," आणि मानोलने गाय वळवावी तसे दोन्ही हातांनी पाय वळवून घेतले. खालून अजान ऐकू आली. नाझिफेने खजूर तोंडात घातला, डोळे मिटले, पाणी प्यायली. मग मसुराचं सूप, दह्यातली काकडी, बटाट्याची भाकर. पोटं जरा निवल्यावर वेलिचकाने घसा साफ केला.

"नाझिफे, आता असं समज की आपण कोन्यात आहोत. यजमानीण दारात उभी आहे. तू पुढे, आम्ही मागे. तू तिच्याशी काय बोलशील? तुर्कीत दोन वाक्यं बोल. होजा ऐकताहेत, चुकलं तर सांगतील."

नाझिफेच्या हातातला चमचा थांबला. होजांनी खाली बघितलं.

"मला तुर्की येत नाही, ताई."

"येत नाही?" वेलिचकाने नवल केलं. "मग एवढे दिवस?"

"मी कधी म्हटलं, येतं म्हणून? तुम्ही विचारत गेलात. मला जे घरात ठाऊक, ते सांगत गेले. आजी सांगायची ते. कोन्यात तसंच असतं की नाही, मला काय ठाऊक?" तिचा चेहरा लाल झाला होता. "मला बरं वाटलं. कोणीतरी काहीतरी विचारतंय, याचं."

रुसाना रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. मोजे रफू केलेल्या पाचजणी आपापल्या मोज्यांकडे बघत होत्या. वेलिचकाला वाटलं, झालं. वजाबाकी झाली, उत्तर बरोबर आलं. अर्धं पाऊल परत तिच्या पायाखाली आलं.

"असू दे गं," ती मोठ्या मनाने म्हणाली. "चला, आता गोड खाऊ. तिकडचाच पदार्थ आहे. मी केलाय." आणि तिने परात मधोमध ठेवून रुमाल उचलला.

पांढरा शुभ्र घुमट. त्यावर अक्रोडांचा क्रूस. वरपासून खालपर्यंत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रेषेत लावलेला. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला, प्रत्येक वर्षश्राद्धाला, स्मशानात वाटण्यासाठी वेलिचकाने केलेला तोच गहू.

"देव क्षमा करो," रुसानाच्या तोंडून निघून गेलं. हा गहू समोर आला की हेच म्हणायचं असतं. तिच्यामागून आणखी तिघी म्हणाल्या, "देव क्षमा करो," आणि हात छातीकडे गेले.

मानोलने डोक्यावरची टोपी काढली. "कोण गेलं, ताई? मला कोणी बोललंच नाही."

वेलिचका परातीकडे बघत राहिली. होजांच्या रोजाच्या जेवणात, मशिदीचा आवाज अजून कानात असताना, तिने मेलेल्याचा गहू वाढला होता, क्रूसासकट. तिला उठून जायचं होतं, पण जमिनीवरून झटकन उठण्याचा सराव त्यांनी अजून केला नव्हता.

तेव्हा नाझिफे उठली. कोपऱ्यात तिची कापडी पिशवी होती. त्यातून तिने सुक्या जर्दाळूंचा कागदी पुडा काढला, फाडला, सगळेच्या सगळे जर्दाळू गव्हावर ओतले. चहाच्या किटलीतलं गरम पाणी वरून घातलं, मोठा चमचा घेतला आणि तळापासून ढवळायला लागली. साखर विरघळली, अक्रोड बुडाले, घुमट बसला. थोड्या वेळात परातीत नुसतं पिवळसर, दाट, गोड काहीतरी उरलं.

"ताईने कोरडं आणलं होतं," ती होजांना म्हणाली. "म्हणजे वाहून आणताना सांडणार नाही. आशुरेत जर्दाळू शेवटी घालतात ना, होजा?"

शाबान होजा तिच्याकडे बघत होते, मग परातीकडे. "शेवटीच घालतात," ते म्हणाले. त्यांनी वाटी पुढे केली. "आशुरे खरं तर मोहरममध्ये करतात. पण गहू कुठे महिना विचारतो?"

एकेक वाटी पुढे आली. मानोलने दोनदा घेतलं. "मेलेल्यांच्या गव्हापेक्षा हे बरं लागतं," तो म्हणाला, आणि रुसानाने त्याला कोपराने ढोसलं.

सगळे गेल्यावर दोघीच भांडी धुवायला राहिल्या. वेलिचका वाट्या घासत होती, नाझिफे पुसत होती.

"जर्दाळूंचे किती झाले?" वेलिचकाने विचारलं.

"राहू दे, ताई. घरात पडलेच होते."

फाडलेला पुडा ओट्यावरच होता. त्यावर दुकानाची चिठ्ठी होती, त्याच दिवशीची: ४ लेव्हा ३० स्तोतिंकी. दिवसभर उपाशी राहून स्वतःच्या घरच्यांसाठी घेतलेले जर्दाळू होते ते. वेलिचकाने चिठ्ठी वाचली. नाझिफेने तिला वाचताना बघितलं.

जी बाई आपल्याला चारचौघांत उघडं पाडते, तिला त्याच पंगतीत झाकायचं! वेलिचकाला हे माणूसपण सोसेना. नाझिफेने तिची फजिती होऊ दिली असती तर तिला रात्री झोप लागली असती. आवाज चांगला तो चांगलाच, आता मनही चांगलं निघालं होतं. एका बाईला किती द्यायचं, याला काही सुमार?

सोमवारी तिने वाचनालयाचा संगणक उघडला. कोन्याला पाठवायचं पत्र आठवड्यापूर्वीच लिहून तयार होतं आणि पहिल्या आवाजापुढे तिचं स्वतःचं नाव होतं. नुसतं पाठवायचं होतं. नाझिफेने स्वतःच सांगितलं होतं तुर्की येत नाही म्हणून. मंडळात आता एकीनेही हरकत घेतली नसती.

वेलिचका बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. तिला तो ओसरीतला आवाज ऐकू येत होता, आणि चमचा तळापासून ढवळल्याचाही. कोन्यात आपण अर्धं पाऊल पुढे उभ्या राहू, आणि पाठीमागे नाझिफे आवाज दाबून सूर धरेल, आणि फक्त आपल्यालाच कळेल की ती दाबतेय. तिच्या मेहेरबानीवर पुढे उभं राहायचं? त्यापेक्षा आपणच द्यावं. देणारा वर असतो. चिटणीस म्हणून, सहीनिशी द्यावं.

तिने आपलं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. लिहिताना बोटं अडखळली. पूर्वी सरकारने खालच्या मोहल्ल्यातल्या सगळ्यांची नावं बदलायला लावली होती, तेव्हा सहकारी संस्थेत पगाराच्या पाकिटावर वेलिचका वर्षानुवर्षं तिला नादेझ्दा लिहीत आली होती. पुढे लोकांनी आपली नावं परत घेतली, पण तोवर पाकिटं दुसऱ्याच्या टेबलावर गेली होती. नाझिफे हे नाव तिने आज पहिल्यांदा लिहिलं. अक्षरं पुन्हा तपासली आणि पत्र पाठवून दिलं.

गुरुवारी तिने तालमीत सांगितलं, "मी ठरवलंय. नाझिफे पुढे." मी या शब्दावर तिने जोर दिला. रुसाना म्हणाली, "मी तर केव्हाच म्हटलं होतं," आणि वेलिचकाच्या दानाची तिथेच माती झाली.

कोन्याला ते जाऊन आले. मोज्यांना भोकं नव्हती. मानोलच्या पिशवीत हवाच होती. तीनदा मान चुकली, त्यातली दोनदा वेलिचकाचीच. रात्री पटांगणात दिवे लागले, माणसं मुलंबाळं घेऊन बसली, आणि ओळ उचलायच्या आधी नाझिफेने मागे वळून वेलिचकाकडे बघितलं. ती घाबरली होती, तिला सूर सापडत नव्हता. वेलिचकाने ओठ मिटूनच सूर दिला. मग नाझिफे पुढे वळली आणि आवाज न दाबता गायली. पटांगणात मुलंसुद्धा गप्प झाली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने येऊन नाझिफेच्या खांद्यावर शाल घातली आणि तिचे दोन्ही हात धरून तुर्कीत पुष्कळ काही बोलली. नाझिफेला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती नुसती रडत होती आणि मान आडवी हलवत होती. सूर कोणी दिला, हे कोणी विचारलं नाही. वेलिचका रांगेच्या टोकाला टाळ्या वाजवत उभी होती आणि त्या शालीचा रंग नाझिफेला शोभत नाही, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं.

परत आल्यावर तिने प्रवासाचा हिशेब मंडळासमोर मांडला. सगळं जुळलं. जर्दाळूंचे पैसे तिने त्यात धरले नाहीत. धरले असते तर कशासाठी, हे लिहावं लागलं असतं, आणि गहू चुकला होता हे कबूल झालं असतं. नाझिफेही मागत नाही. दर गुरुवारी दोघी भेटतात, नाझिफे पुढे उभी राहते, वेलिचका तिला सूर देते.

वेलिचकाकडून नाझिफेला ४ लेव्हा ३० स्तोतिंकी येणे बाकी आहेत.